मोठे रिम, नवे टायर आणि पुन्हा पुन्हा येणारा फुगा: दोष बहुधा लोड इंडेक्सचा असतो

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. स्पोर्टी सेडान किंवा हॅचबॅक. कंपनीचे १६ इंची टायर गुळगुळीत झाले, म्हणून हौसेने १७ किंवा १८ इंची अलॉय आणि रुंद टायर टाकले. पहिला महिना मजेत जातो. मग मागच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा येतो. तो टायर बदलला, की पावसाळा सरता सरता दुसऱ्याला येतो. दरम्यान नक्षीच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा लवकर झिजू लागतात आणि एक्सप्रेसवेवर लेन बदलताना गाडीचा मागचा भाग किंचित उशिरा वळतो. अलाइनमेंट दोनदा होते, बॅलन्सिंग होते, टायरचा ब्रँडही बदलून पाहिला जातो. दुखणे तिथेच.

बडोद्यात याचे खापर लगेच रस्त्यांवर फुटते, आणि ते अगदीच खोटे नाही. पावसाळ्यात पाणी साचले की खड्डा दिसत नाही, आणि कमी उंचीच्या साइडवॉलला खड्ड्याची धार थेट रिमपर्यंत पोचते. पण तोच रस्ता, तोच चालक आणि तीच गाडी असताना जुन्या टायरांना जे झाले नाही, ते नव्यांना वारंवार होत असेल, तर रस्त्याच्या आधी टायरवरचे आकडे बघायला हवेत. टायर घेताना आकार सगळे बघतात, ब्रँड बघतात, किंमत तर बघतातच. आकाराच्या पुढचा दोन अंकी आकडा मात्र कोणी बघत नाही. टायरवाल्याला विचारले तर त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘चालशे’, म्हणजे चालेल. शहरापासून थोड्या अंतरावर लिमडा आणि हालोल इथे टायरचे मोठे कारखाने आहेत, आणि दुकानात ही तऱ्हा.

आकडा काय सांगतो

साइडवॉलवर ‘२०५/५५ आर१६ ९१व्ही’ असे लिहिलेले असते. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा व्यास इंचांत. पुढचा ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो याची खूण. तो किलोचा आकडा नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. व्ही ही वेगाची खूण, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. वेगाची खूण मूळ टायरइतकी किंवा वरची घ्यावी. आपल्या वेगांना ती क्वचितच कमी पडते, त्यामुळे तिच्यावर इथे वेळ घालवत नाही.

लोड इंडेक्सचे उपयोगी आकडे असे: ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ८९ म्हणजे ५८०, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०. क्रमांकांत चारचा फरक पडला की वजनात साठ ते पंचाहत्तर किलोचा पडतो, तोही एका चाकामागे.

आता आकार वाढवताना काय होते ते पाहा. २०५/५५ आर१६ हा आपल्याकडच्या बऱ्याच सेडानचा आकार आहे, फोक्सवॅगन व्हर्टसचाही. त्याचा साधा, म्हणजे नेहमीच्या बांधणीतला, लोड इंडेक्स ९१. व्यास जवळपास तोच राखून १७ इंचावर जायचे तर २२५/४५ आर१७ बसतो आणि त्याचाही साधा इंडेक्स ९१ आहे. इथवर ठीक. पण दुकानात तो नसला की २१५/४५ आर१७ पुढे केला जातो. दिसायला फरक कळत नाही, पण त्याचा साधा इंडेक्स ८७ आहे. प्रत्येक चाकामागे ७० किलो गेले. १८ इंचावर २२५/४० आर१८ घेतला तर साध्या बांधणीत तो ८८ चा, म्हणजे ५५ किलो कमी. ह्युंदाई आय२० एन लाइनच्या १९५/५५ आर१६ ला इंडेक्स ८७ आहे. त्या जागी २०५/४५ आर१७ टाकला तर साधा टायर ८४ चा निघतो.

टायर रुंद झाला की जास्त वजन पेलणार, ही समजूत इथे गोत्यात आणते. वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रिम मोठे करून साइडवॉल बुटकी केली की हवेला जागा कमी उरते, मग त्याच दाबाला पेलण्याची ताकदही कमी होते. रुंदीतून मिळते त्यापेक्षा उंचीतून जास्त जाते.

परफॉर्मन्स टायरांत ही अडचण वाढायला आणखी एक कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्राने गाड्यांच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून काही खास आकार कधी मिळतात, कधी नाही. आकार मिळाला तरी हवा तो इंडेक्स मिळेलच असे नाही, आणि दुकानात जे पडून असते ते ‘एकच आहे’ म्हणून गळ्यात मारले जाते.

एक्सएल घेतला, तरीही फुगा

थोडी माहिती असलेला ग्राहक एक्सएल मागतो. एक्सएल म्हणजे जास्त वजनाची बांधणी. काही टायरांवर त्याऐवजी ‘रीइन्फोर्स्ड’ किंवा ‘आरएफ’ लिहितात. हे ‘आरएफ’ आणि रनफ्लॅटचे (हवा गेली तरी थोडे अंतर चालणाऱ्या टायरचे) ‘आरएफटी’ एक नव्हेत, दुकानात हा घोळ नेहमी होतो. २२५/४० आर१८ एक्सएलचा इंडेक्स ९२, म्हणजे ६३० किलो. मूळच्या ६१५ पेक्षा जास्त. कागदावर प्रश्न सुटला.

गाडीत मात्र सुटत नाही. लोड इंडेक्सचे वजन ठरावीक दाबालाच खरे असते. युरोपीय टायर मानकात साध्या टायरसाठी तो दाब २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय आहे, एक्सएलसाठी २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय. दाब त्याहून कमी असला की ताकदही उतरते. गणित असे: प्रत्यक्ष दाब भागिले हा ठरावीक दाब, त्या गुणोत्तराचा ०.८ वा घात, गुणिले इंडेक्सचे वजन. मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचे काम.

९२ च्या एक्सएलमध्ये २.५ बार हवा भरून हे गणित केले की उत्तर येते सुमारे ५६०. म्हणजे ८८ च्या साध्या टायरइतकेच. एक्सएलचे जादा ७० किलो साइडवॉलच्या जाडीत दडलेले नसतात, ते वरच्या ६ पीएसआय हवेत असतात. एक्सएलची बांधणी ती हवा सोसते, एवढेच तिचे काम. जुन्या सवयीने ३३ भरून एक्सएल चालवला तर वजनाच्या हिशेबात साधाच टायर चालवल्यासारखे आहे. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी सर्वाधिक वेळा हेच सापडते.

एका गाडीचा हिशेब

समजा माणसे आणि सामान भरल्यावर मागच्या अ‍ॅक्सलवर ९२० किलो येतात. म्हणजे चाकामागे ४६०. दाराच्या चौकटीवरचे स्टिकर मागच्या टायरला ३३ पीएसआय सांगते.

मूळचा ९१ चा साधा टायर ३३ ला सुमारे ५७० किलो पेलतो. हातात ११० किलोची सवलत. त्या जागी २२५/४० आर१८ ९२ एक्सएल टाकून ३३ च भरले, तर तो पेलतो सुमारे ५१९. सवलत निम्म्यावर आली, ५९ किलो. २१५/४५ आर१७ ८७ असता तर सुमारे ५०५.

आता घरातली नेहमीची स्थिती. हवा दोन महिने तपासली नाही आणि २८ वर आली. मूळचा टायर अजून ५०० किलो पेलतो, कुरकुर न करता. एक्सएल ४५५ वर आला, ८७ वाला ४४३ वर. दोघेही ४६० च्या खाली. म्हणजे दिवाळीत पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन मुंबईकडे निघालेली गाडी मागच्या दोन्ही टायरांवर ओव्हरलोड आहे, आणि गाडीत कोणालाच त्याची कल्पना नाही. मूळचा टायर आळस खपवून घेत होता, नवा घेत नाही.

उपाय याच गणितात आहे. मूळचा टायर ३३ ला जेवढे पेलायचा तेवढे, म्हणजे ५७० किलो, ९२ एक्सएलने पेलायला त्यात सुमारे ३७ पीएसआय हवेत. आय२० एन लाइनच्या आकाराला ८८ एक्सएल घेऊन, मूळ दाब ३३ धरून, हाच हिशेब केला तरी उत्तर ३७ च येते. साध्या टायरवरून एकाने वरच्या इंडेक्सच्या एक्सएलवर जाताना ४ पीएसआय वाढवायचे, हे डोक्यात ठेवायला सोपे आहे. पण आपल्या स्टिकरचा आकडा घेऊन एकदा स्वतः गणित करावे, कारण पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब बहुधा वेगळा असतो.

उलट बाजूचा घोटाळाही सांगायला हवा. ज्या गाडीला कंपनीनेच एक्सएल दिलेले आहेत आणि पूर्ण भाराला मागे ३९ पीएसआय सांगितले आहेत, तिला स्वस्तातला त्याच आकाराचा साधा टायर बसवला तर? २२५/४० आर१८ मध्ये ९२ एक्सएल ३९ ला सुमारे ५९५ पेलतो. ८८ चा साधा टायर ३६ ला ५६० पेलतो आणि ३९ ला पण ५६० च. त्याच्या मर्यादेपुढे हवा वाढवून वजन वाढत नाही. साइडवॉलवर ‘कमाल दाब ५१ पीएसआय’ असे छापलेले असले तरी तो टायर किती दाब सोसतो याचा आकडा आहे, किती भरावा याचा नव्हे. ५१ भरून हायवेला निघालेल्या गाड्या आहेत, त्यांच्या नक्षीचा मधला पट्टा आधी संपतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो.

फुगा का येतो, कडा का झिजतात

वजन जास्त किंवा हवा कमी, टायरला दोन्ही सारखेच. दर फेरीला साइडवॉल जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १०० किलोमीटरला या आकाराचे चाक मिनिटाला आठशेहून जास्त फेऱ्या मारते. प्रत्येक वाकण्यात थोडी ऊर्जा रबरात उष्णतेच्या रूपाने मुरते. मे महिन्यात बडोद्यात हवाच ४२ अंशांवर असते आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ तापलेला, त्यामुळे ती उष्णता बाहेर जायला वाव नसतो. सर्वांत जास्त तापतात दोन जागा: नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडा आणि रिमला घट्ट बसणारा बीडजवळचा भाग. पट्ट्यांची कड रबरापासून सुटू लागली की आधी थरथर जाणवते, मग नक्षीचा तुकडा उडतो. अहमदाबाद एक्सप्रेसवे ९३ किलोमीटर सलग आहे. टायर तापून ते तापमान टिकून राहायला तेवढे अंतर पुरते.

फुग्याचे तंत्र थोडे वेगळे. खड्ड्याच्या धारेवर साइडवॉल रिमच्या ओठात चिमटली जाते आणि आतले काही दोरे तुटतात. वरचे रबर शाबूत राहते, पण तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी हवा ते बाहेर ढकलते. दाब वजनाच्या मानाने कमी असेल तर टायर आधीच जास्त दबलेला असतो, मग चिमटा बसायला लहान खड्डाही पुरतो. म्हणून एकटा माणूस ज्या खड्ड्यातून रोज सुखरूप जातो, त्याच खड्ड्यात भरलेल्या गाडीचा मागचा टायर जातो.

फुगा म्हणजे बाहेर आलेला उंचवटा. साइडवॉलवर आत गेलेली उभी पन्हळ दिसत असेल तर ती आतल्या थरांच्या जोडाची खूण असते आणि निरुपद्रवी असते. बोट फिरवून बघा: आत जात असेल तर सोडून द्या, बाहेर येत असेल तर टायर बाद. फुग्याला पॅच लागत नाही, व्हल्कनाइझिंग चालत नाही, ट्यूब टाकून चालवणे तर आत्मघात.

शोध कुठून सुरू करायचा

आधी चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असते. त्यावर आकार, दाब आणि बहुधा दोन ओळी असतात: कमी माणसांसाठी एक, पूर्ण भारासाठी दुसरी. दुसरी ओळ कोणी वाचत नाही, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. मूळ टायरचा लोड इंडेक्स स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. तिथेच पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे कमाल वजनही दिलेले असते. तो आकडा भागिले दोन, ही एका टायरची गरज.

मग चारही टायरांवरचे आकडे लिहून काढा. चारही म्हणजे चारही. दोन-दोन करून टायर बदलणाऱ्यांच्या गाडीत पुढे ९२ आणि मागे ८८ निघणे सर्रास आहे. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळे इंडेक्स निघाले तर हिशेब कमी आकड्याने करायचा, आणि ती जोडी लवकर मोडायची. त्याच वेळी उत्पादनाचा चार अंकी कोडही बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आयएसआय खूण आणि आयएस १५६३३ हा मानक क्रमांक आहे का तेही पाहा, कारण २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ती लागते.

शंका असेल तर गाडी काट्यावर न्या. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीकडे किंवा वाघोडिया रोडला ट्रकांचे वे-ब्रिज मिळतात. टाकी पूर्ण भरा, प्रवासाला नेता तेवढी माणसे आणि सामान घ्या. आधी फक्त पुढची चाके फलाटावर घेऊन आकडा लिहा, मग पूर्ण गाडी चढवून लिहा. दोहोंतला फरक मागच्या अ‍ॅक्सलचा. बहुतेक काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतात, म्हणून हिशेबात चाकामागे १० किलो वर धरा. डिकीत सबवूफरची पेटी किंवा सीएनजीचे नळकांडे असेल तर मागचा आकडा पाहून धक्का बसेल. ६० लिटरचे पोलादी नळकांडे एकटेच सुमारे ६० किलोचे असते, म्हणजे गाडीत कायमचा एक जादा प्रवासी बसवल्यासारखे, आणि तोही मागच्या चाकांच्या डोक्यावर.

दाब सकाळी, गाडी उभी करून तीन तास झाल्यावर, स्वतःच्या गेजने मोजा. पेट्रोल पंपावरच्या यंत्रांत २-३ पीएसआयची तफावत सहज असते, आणि आपली सगळी सवलतच तेवढ्यात आहे. ३७ करायचे ते थंड टायरात. तापमान ५-६ अंशांनी बदलले की दाब १ पीएसआयने बदलतो, म्हणून जानेवारीत भरलेली हवा आणि मेमधली हवा वेगळी दाखवते. हायवेवरून आल्यावर ४२ दिसले म्हणून हवा सोडू नका. सोडली तर सकाळी ३२ सापडतील.

त्या वाढीचा उपयोग मात्र करून घेता येतो. सकाळी थंड दाब लिहा, अर्धा तास हायवेला चालवून थांबताच पुन्हा मोजा. ४-५ पीएसआयची वाढ नेहमीची. ७-८ वाढले असतील तर टायर जास्त वाकतो आहे, म्हणजे थंड दाब वजनाच्या मानाने कमी पडतो आहे. ही चाचणी सकाळीच करा. दुपारी हवामानच १५ अंशांनी चढलेले असते आणि त्यातले ३ पीएसआय त्याचेच असतात.

झीज वाचताना घाई करू नका. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा उंच राहिला, तर हवा कमी किंवा वजन जास्त. हाच आपला रोग. फक्त आतली कड झिजली असेल तर तो कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टोचा (चाकांची पुढची टोके आत-बाहेर वळलेली असणे) प्रश्न, विशेषतः स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली असेल तर. तिथे लोड इंडेक्स वाढवून काहीही होणार नाही. नक्षीवरून हात आडवा फिरवताना एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने धारदार लागत असेल तर टो बिघडला आहे. दोन्ही रोग एकाच टायरवर असू शकतात, आणि तेव्हाच ‘अलाइनमेंट करूनही फरक नाही’ अशी तक्रार येते: अलाइनमेंटने अर्धे बरे केलेले असते. नवी हवा बरोबर आहे का हे बघायला खडूचा जुना उपाय अजून उत्तम. नक्षीवर एका काठापासून दुसऱ्यापर्यंत खडूचा जाड पट्टा ओढा, भरलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ पन्नास मीटर न्या. पट्टा सगळीकडे सारखा पुसला गेला तर दाब जमला. कडांचाच पुसला तर १-२ पीएसआय वाढवा, मधलाच पुसला तर तेवढे कमी करा. पण आपल्या गणिताने आलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका.

काय घ्यायचे

२०५/५५ आर१६ वाल्या गाडीला सर्वांत बिनघोर बदल म्हणजे २२५/४५ आर१७, इंडेक्स ९१ किंवा ९४ एक्सएल. ९१ चा साधा असेल तर मूळच्याच दाबाला मूळइतकेच वजन पेलतो, व्यासातही दोन-अडीच मिलिमीटरचाच फरक पडतो. ९४ एक्सएल ३३ ला सुमारे ५५२ पेलतो, मूळच्या ५७० ला पोचायला ३४-३५ भरावे लागतात. १८ इंच हवेच असतील तर २२५/४० मध्ये ९२ एक्सएल आणि ३७ पीएसआय. ८८ चा साधा टायर या गाडीला घेऊच नये. ३७ ला गाडी थोडी कडक लागते, बारीक खड्डे पाठीला कळतात. ते सोसायचे नसेल तर १८ इंचांचा नाद सोडावा, हवा कमी करून गादी शोधू नये. बडोद्याच्या पावसाळी रस्त्यांना १७ इंच पुष्कळ झाले, असे आमचे मत.

इंडेक्स गरजेपेक्षा वरचा घेतला तर चालतो, पण त्याने पकड वाढत नाही. पकड रबराच्या मिश्रणातून आणि रस्त्याला टेकलेल्या भागातून येते. मोठ्या इंडेक्ससाठी जड झालेला टायर सस्पेन्शनवर उलट बोजा टाकतो. आकाराच्या आधी ‘एचएल’ लिहिलेले टायर हल्ली दिसू लागले आहेत. ते एक्सएलच्याही वरचे, बॅटरीमुळे जड झालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. पेट्रोल सेडानला त्यांची गरज नाही. आणि कारच्या टायरला ‘सहा प्लायचा द्या’ म्हणून मागू नका. ती भाषा टेम्पो-ट्रकच्या टायरची.

टायर बरोबर आला आणि रिम चुकले तर सगळे पाण्यात. बाजारातल्या अलॉयच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यांच्या आत वजनाचा आकडा ओतलेला असतो, ६५० किंवा ६९० असा. तो चाकामागच्या गरजेपेक्षा कमी नको. आकडाच नसेल तर ते रिम घेऊ नका. रुंदीही बघा. २२५/४० आर१८ ला साडेसात ते नऊ इंच रुंदीचे रिम चालते, आठ आदर्श. २२५/४५ आर१७ ला सात ते साडेआठ. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की साइडवॉल फुगीर बसते, नक्षी मधोमध टेकते, आणि तक्त्यातले वजनही त्या टायरला लागू राहत नाही.

एकटाच असतो, तरी फरक पडतो का

हा प्रश्न रास्त आहे. एकटा चालक, रिकामी डिकी, मागच्या चाकावर जेमतेम ३०० किलो. ८७ चा टायर ३३ ला ५०५ पेलतो, मग बिघडले कुठे? उभ्या गाडीच्या हिशेबाने कुठेच नाही. पण जोरात ब्रेक दाबला की मागचे वजन पुढे धावते आणि वळणावर आतल्या चाकांचे बाहेरच्यांवर जाते. सापुताऱ्याच्या घाटात उतारावर ब्रेक धरून वळताना बाहेरच्या पुढच्या टायरवर उभ्या वजनाच्या पुष्कळ जास्त भार असतो. कंपनीने दिलेला इंडेक्स यासाठीची सवलत धरून ठरवलेला असतो. परफॉर्मन्स गाडी ज्या कारणासाठी घेतली, त्याच क्षणी ही सवलत खर्च होते. शिवाय आज एकटे असाल, पण गाडी विकली तर पुढचा मालक पाच जणांना घेऊन जाईल, त्याला हे गणित कोणी सांगणार नाही.

कायद्याच्या बाजूने एवढेच: केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ मधला नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आहे आणि नियम ९५ त्याच्या आकाराबद्दल आणि भार पेलण्याबद्दल. कारच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर. अपघातानंतर विम्याचा सर्वेयर टायरवरचे आकडे लिहून घेतो आणि ते मूळच्यापेक्षा कमी निघाले की दाव्यात वाद निघायला वाव मिळतो. बिलावर आकार, इंडेक्स, एक्सएल आणि उत्पादनाचा कोड लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करतो, तरी घ्या.

बसवून झाल्यावर नवा दाब कागदावर लिहून इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवा, कारण पंपावरचा माणूस दाराचे स्टिकर बघून ३३ च भरणार. दाब दाखवणारी प्रणाली गाडीत असेल तर नव्या दाबावर ती रीसेट करा, नाहीतर २८ ला उतरेपर्यंत ती गप्प राहील.

स्टेपनी बहुधा जुनीच १६ इंची राहते. तिचा इंडेक्स आणि दाब वेगळा आहे, व्यासही थोडा वेगळा, म्हणून ती लावल्यावर पंक्चरवाल्यापर्यंतच जायचे, तेही ताशी ८० च्या आत. पुढची चाके गाडी ओढत असतील आणि पंक्चर पुढे झाले असेल, तर वेळ असल्यास मागचा चांगला टायर पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. आणि तिच्यातली हवा? ती शेवटची कधी बघितली होती ते आठवत नसेल, तर गेज हातात आहे तोवर आजच बघा.